पाणी तपासताना पाणी नासू नये

सांडपाणी किती दूषित आहे हे ठरवण्यासाठी जगभर नित्य केल्या जाणाऱ्या चाचण्यांपैकी एक अशी आहे, की ती संपल्यावर उरणारे द्रावण मूळ सांडपाण्याहून कितीतरी अधिक विषारी असते. 'रासायनिक ऑक्सिजन मागणी' हे तिचे नाव. कारखान्यांत आणि प्रयोगशाळांत ती 'सीओडी' या आद्याक्षरांनीच ओळखली जाते. पाण्यातील सेंद्रिय घाणीचे संपूर्ण ऑक्सिडीकरण करायला किती ऑक्सिजन लागेल, हे या चाचणीतून कळते. मात्र त्यासाठी प्रयोगशाळेत जे पदार्थ वापरावे लागतात, त्यांत पारा, क्रोमियम, चांदी आणि तीव्र गंधकाम्ल येतात. नदीच्या रक्षणासाठी केलेली परीक्षाच नदीला घातक ठरावी, हा विरोधाभास रसायनशास्त्रज्ञांना गेली काही दशके अस्वस्थ करीत आहे. त्या अस्वस्थतेतूनच सांडपाण्यातील प्रदूषके शोधण्याच्या हरित आणि स्वयंचलित पद्धतींचे संशोधन उभे राहिले.

या संशोधनाचा संबंध प्रयोगशाळेपेक्षाही नद्यांच्या राखणीशी अधिक आहे. जी चाचणी महाग, वेळखाऊ आणि धोकादायक असते ती क्वचितच केली जाते. आणि क्वचित होणारी चाचणी चुकवणे सोपे असते. चाचणी स्वच्छ, स्वस्त आणि आपोआप होणारी झाली, तरच ती रोज, प्रसंगी तासातासाला करता येते.

एका चाचणीचा हिशेब

सीओडीच्या मूळ प्रमाण पद्धतीत ५० मिलिलिटर सांडपाणी घेतात. त्यात १ ग्रॅम मर्क्युरिक सल्फेट, २५ मिलिलिटर पोटॅशियम डायक्रोमेटचे द्रावण आणि सिल्व्हर सल्फेट विरघळवलेले ७५ मिलिलिटर तीव्र गंधकाम्ल घालतात. हे मिश्रण दोन तास उकळत ठेवले जाते. डायक्रोमेट सेंद्रिय पदार्थांचे ऑक्सिडीकरण करते आणि त्या ओघात त्याचा नारिंगी रंग हिरवट होत जातो. चांदी उत्प्रेरकाचे काम करते. पाऱ्याचे काम वेगळेच आहे. पाण्यात मिठाचा अंश असेल तर त्यातील क्लोराइडही डायक्रोमेट खाऊन टाकते आणि सीओडीचा आकडा खोटाच फुगतो. पारा त्या क्लोराइडला बांधून ठेवतो. समुद्रकाठच्या शहरांत गटारांमध्ये खारे पाणी शिरते, तेथे तर पाऱ्याविना ही चाचणी भरवशाची राहत नाही.

एक ग्रॅम मर्क्युरिक सल्फेटमध्ये सुमारे ०.६८ ग्रॅम पारा असतो. हा आकडा किरकोळ वाटेल. पण भारतातील पर्यावरण संरक्षण नियमांनुसार नदीनाल्यांत सोडायच्या सांडपाण्यात पाऱ्याची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम इतकी आहे. एकाच चाचणीतील पारा या मर्यादेत बसवायचा म्हटले, तर तो सुमारे ६७ हजार लिटर पाण्यात मिसळावा लागेल. दहा हजार लिटरचे जवळजवळ सात टँकर झाले! दिवसाला १० चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेचा हिशेब ३०० दिवसांचा धरला, तर वर्षाला ३ किलो मर्क्युरिक सल्फेट, म्हणजे सुमारे २ किलो पारा, सुमारे दीड किलो चांदी आणि सव्वादोनशे लिटर गंधकाम्ल या एकाच चाचणीवर खर्ची पडते. हे सारे घातक कचरा म्हणून वेगळे साठवून अधिकृत केंद्राकडे पाठवणे आवश्यक असते. ते मोरीत गेले, तर चाचणीने पाण्याचे भले होण्याऐवजी नुकसानच होते.

याच पद्धतीची एक छोटी आवृत्ती पुढे रूढ झाली. तिच्यात बंद परीक्षानळीत अवघे अडीच मिलिलिटर सांडपाणी घेऊन काम भागते. त्यामुळे रसायनांचा खर्च जवळजवळ विसावा हिस्सा होतो. अनेक प्रयोगशाळा आता अशाच तयार नळ्या वापरतात. विषाचे प्रमाण त्यामुळे घटले, विष मात्र तेच राहिले.

सीओडीच्या जोडीला 'बीओडी' म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी ही दुसरी प्रसिद्ध चाचणी आहे. पाण्यातील जिवाणूंना घाण पचवायला किती ऑक्सिजन लागतो, हे ती मोजते. ब्रिटनमधील सांडपाणीविषयक रॉयल कमिशनने १९१२ मध्ये पाच दिवसांची बीओडी चाचणी आधारभूत मानली. भारताच्या उष्ण हवामानाला धरून आपल्याकडे ती २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस केली जाते. या चाचणीत विषारी रसायनांचा प्रश्न फारसा नाही; तिची अडचण वेळेची आहे. निष्कर्ष हाती येईपर्यंत ते पाणी केव्हाच नदीतून पुढे निघून गेलेले असते.

विष शोधायला विष

सीओडी हा अपवाद नाही. विसाव्या शतकात रूढ झालेल्या अनेक चाचण्यांची हीच कथा आहे. सांडपाण्यातील अमोनिया ओळखण्यासाठी एकोणिसाव्या शतकापासून वापरले जाणारे नेसलरचे द्रावण पाऱ्याच्या संयुगापासून बनते. नायट्रेट मोजण्याच्या नेहमीच्या पद्धतीत पाणी कॅडमियमच्या कणांनी भरलेल्या नळीतून सोडतात. कॅडमियममुळे नायट्रेटचे नायट्राइट होते आणि मग ते गुलाबी रंगावरून मोजता येते. फिनॉलचे अत्यल्प प्रमाण मोजताना रंगीत पदार्थ क्लोरोफॉर्ममध्ये ओढून घ्यावा लागतो.

तेल आणि ग्रीस यांच्या चाचणीचा इतिहास तर विशेष बोधप्रद आहे. सांडपाण्यातील तेलकट अंश वेगळा काढण्यासाठी अमेरिकेत फ्रिऑन-११३ हा द्रावक वापरला जात असे. पृथ्वीभोवतीच्या ओझोनच्या थराला छिद्र पाडणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन कुटुंबातील हा पदार्थ. म्हणजे पाण्यातील प्रदूषण मोजताना आकाशाला इजा पोहोचत होती. १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने अशा पदार्थांवर निर्बंध आले आणि १९९९ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फ्रिऑनऐवजी हेक्झेन वापरणारी पद्धत अधिकृत केली. हेक्झेनही निर्धोक नाही; ते ज्वालाग्राही आहे आणि त्याच्या वाफा मज्जातंतूंना अपाय करतात. तरीही या बदलातून एक गोष्ट स्पष्ट झाली. वर्षानुवर्षे 'याला पर्याय नाही' असे मानली गेलेली चाचणीपद्धत नियम बदलताच बदलू शकते.

हरित रसायनशास्त्राचे अकरावे तत्त्व

पॉल अॅनास्टास आणि जॉन वॉर्नर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये हरित रसायनशास्त्राची बारा तत्त्वे मांडली. घाण निर्माण करून मग ती साफ करण्यापेक्षा ती मुळातच होऊ न देणे, हे त्यांचे सार. त्यांतील अकरावे तत्त्व विश्लेषणाविषयी आहे. घातक पदार्थ तयार होण्याच्या आतच त्याची चाहूल लागावी, यासाठी प्रक्रिया चालू असतानाच मोजमाप करता येईल अशा पद्धती विकसित केल्या पाहिजेत, असे ते सांगते.

पुढे २०१३ मध्ये पोलंडमधील गाउश्का, मिगाशेव्स्की आणि नामिएश्निक यांनी खास विश्लेषणशास्त्रासाठी बारा तत्त्वांची वेगळी यादी दिली. नमुन्यावर फारशी प्रक्रिया न करता थेट मोजमाप करावे, नमुना कमीत कमी घ्यावा, मोजमाप शक्यतो जागेवरच व्हावे, यंत्रे लहान आणि स्वयंचलित असावीत, ऊर्जा कमी लागावी, विषारी रसायने टाळावीत आणि चाचणीचा कचरा नीट हाताळावा, असा तिचा आशय आहे. ही यादी वाचताना ध्यानात येते, की हरित असणे आणि स्वयंचलित असणे या गोष्टी एकमेकींच्या हातात हात घालून येतात. त्या तशा का येतात, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

केसाएवढ्या प्रवाहातील प्रयोगशाळा

रासायनिक चाचण्यांच्या स्वयंचलनाची सुरुवात पाण्यापासून झाली नाही, रक्तापासून झाली. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे लिओनार्ड स्केग्ज यांनी १९५७ मध्ये एक उपकरण मांडले. त्यात रक्ताचे नमुने एका नळीतून एकापाठोपाठ एक वाहत जात, मधेमधे हवेचे बुडबुडे सोडलेले असत आणि वाटेतच त्यांत रसायने मिसळली जात. रुग्णालयांनी हे तंत्र उचलून धरले आणि पुढे पाण्याच्या प्रयोगशाळांतही ते आले.

खरी कलाटणी १९७५ मध्ये मिळाली. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठातील यारोमीर रुझिच्का आणि एलो हॅन्सन यांनी हवेचे बुडबुडे काढून टाकले. मिलिमीटरभरही व्यास नसलेल्या नळीतून रसायनाचा संथ प्रवाह चालू ठेवायचा आणि त्यात नमुन्याचा एक छोटासा ठिपका, मिलिलिटरच्या दहाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही कमी, टोचल्यासारखा सोडायचा. हा ठिपका वाहता वाहता रसायनात मिसळतो, रंग उमटतो आणि नळीच्या टोकाशी बसवलेला प्रकाशमापक तो रंग टिपतो. 'फ्लो इंजेक्शन' या नावाने ही पद्धत प्रसिद्ध झाली.

या पद्धतीमागील विचार साधा, पण परंपरेला छेद देणारा होता. तोवर रसायनशास्त्राचा दंडक असा, की अभिक्रिया पूर्ण झाल्याखेरीज मोजमाप करू नये. रुझिच्का आणि हॅन्सन यांचे म्हणणे असे, की अभिक्रिया अर्धवट असली तरी चालेल. प्रत्येक नमुना नेमका तितकाच वेळ, तितक्याच लांबीच्या नळीतून, तितक्याच वेगाने गेला म्हणजे झाले. चहा पुरता मुरला नसला, तरी प्रत्येक कप बरोबर दोन मिनिटांनीच गाळला, तर रंगावरून कोणत्या कपात किती पूड होती हे सांगता येते. तसाच हा प्रकार. परिणामी तासाभरात शंभराच्या आसपास नमुने तपासणे शक्य झाले. आणि मिलिलिटरांचा हिशेब मायक्रोलिटरांवर आल्याने रसायनांची बचत झाली.

या नळीच्या प्रवाहात चातुर्याने काय साधता येते, याचे उत्तम उदाहरण अमोनियाच्या चाचणीत दिसते. नमुन्यात अल्कली मिसळली, की पाण्यातील अमोनियमचे अमोनिया वायूत रूपांतर होते. नळीच्या एका टप्प्यावर टेफ्लॉनचा पातळ सच्छिद्र पडदा असतो. त्यातून वायू पार होतो. पाणी, गाळ आणि रंग मात्र अलीकडेच राहतात. पडद्यापलीकडून आम्ल-अल्कली ओळखणाऱ्या निर्देशकाचा प्रवाह वाहत असतो. अमोनिया त्यात मिसळताच त्याचा रंग पालटतो आणि त्यावरून प्रमाण कळते. नेसलरच्या द्रावणातील पाऱ्याची येथे गरजच उरत नाही. शिवाय सांडपाणी गढूळ वा रंगीत असले तरी मोजमापात बाधा येत नाही.

मात्र या पद्धतीतही एक उणीव होती. नमुना असो वा नसो, रसायनाचा प्रवाह अखंड चालूच असे. मिनिटाला एक मिलिलिटर या बेताच्या वेगानेही दिवसाला जवळजवळ दीड लिटर द्रावण वाहून जाते. ही उणीव १९९० मध्ये दूर झाली. रुझिच्का तेव्हा अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात होते. त्यांनी ग्रॅहॅम मार्शल यांच्यासह 'सिक्वेन्शियल इंजेक्शन' ही पद्धत आणली. तिच्यात संगणकाच्या आज्ञेनुसार एक पिचकारी आणि अनेक तोंडांची एक झडप काम करतात. गरजेपुरता नमुना, गरजेपुरते रसायन एकामागोमाग ओढून घ्यायचे, मिसळायचे, मोजायचे आणि थांबायचे. काम नसेल तेव्हा रसायनाचा एक थेंबही खर्च होत नाही. १९९९ मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावरील विद्यापीठात व्हिक्टर सेर्दा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकाच मोटरीवर अनेक पिचकाऱ्या चालवणारी पद्धत विकसित केली. त्यामुळे वेग आणि काटकसर यांचा मेळ बसला.

स्पेनमध्येच व्हॅलेन्सिया विद्यापीठातील मिगेल द ला ग्वार्दिया यांच्या गटाने आणखी एक पाऊल पुढे टाकले. चाचणीनंतर नळीतून बाहेर पडणारे द्रावण बाटलीत साठवण्याऐवजी यंत्राच्याच शेवटच्या टप्प्यात निर्विष करावे, अशी त्यांची कल्पना. मापन संपते तेथेच शुद्धीकरण सुरू होते.

विषाला पर्याय

रसायन कमी वापरणे हा एक मार्ग झाला. घातक रसायनाच्या जागी निरुपद्रवी पदार्थ आणणे हा दुसरा. नायट्रेटच्या चाचणीत कॅडमियमची जागा वनस्पतींमधील एका विकराने घेतली आहे. मुळांनी शोषलेल्या नायट्रेटचे नायट्राइट करण्याचे काम वनस्पती या विकराकडून करून घेतात. प्रयोगशाळेतही तो तेच काम सामान्य तापमानात करतो. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०११ मध्ये ही पद्धत स्वीकारली. गुलाबी रंगाची पुढची पायरी जुनीच राहिली, कॅडमियम मात्र गेले.

सीओडीला पर्याय म्हणून सर्वांत पुढे आहे ती एकूण सेंद्रिय कार्बनाची चाचणी. तिच्यात नमुन्याचा थेंब अतिशय तापलेल्या भट्टीत, उत्प्रेरकावर जाळतात आणि निघालेला कार्बन डायॉक्साइड अवरक्त किरणांनी मोजतात. पारा नाही, क्रोमियम नाही; काही मिनिटांत आकडा मिळतो आणि यंत्र दिवसरात्र आपोआप चालू शकते. अर्थात भट्टीला वीज लागते, यंत्र महाग असते आणि कार्बन मोजणे म्हणजे ऑक्सिजनची मागणी मोजणे नव्हे. दोहोंतील प्रमाण प्रत्येक सांडपाण्यागणिक बदलते.

तिसरा पर्याय ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठात ह्वेजुन झाओ यांच्या गटाने विकसित केला. घरांच्या रंगात शुभ्रतेसाठी वापरली जाणारी टायटॅनियम डायॉक्साइडची पूड अतिनील किरणांत ठेवली, तर तिचा पृष्ठभाग सेंद्रिय पदार्थांचे ऑक्सिडीकरण करू लागतो. त्या वेळी सुटणारे इलेक्ट्रॉन विद्युतप्रवाहाच्या रूपाने मोजले, की सीओडीचा आकडा मिळतो. दोन तास उकळण्याचे काम काही मिनिटांवर येते. फार घट्ट सांडपाणी असेल तर ते आधी पातळ करावे लागते आणि गाळून घ्यावे लागते, ही तिची मर्यादा.

बीओडीसाठीही असाच प्रयत्न झाला आहे. जपानमध्ये ईसाओ कारुबे आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये सूक्ष्मजीवांचा थर बसवलेला ऑक्सिजनमापक तयार केला. सांडपाणी त्यावरून गेले, की सूक्ष्मजीव ते खाऊ लागतात, ऑक्सिजन वापरतात आणि मापकाचा प्रवाह उतरतो. अनेक दिवसांची वाट पाहण्याऐवजी तासाभरात अंदाज हाती येतो.

रसायनाविना मापन आणि त्याच्या आंधळ्या जागा

हरित पद्धतींचा आदर्श म्हणजे अजिबात रसायन न वापरणे. अतिनील किरणांच्या साहाय्याने हे काही अंशी साधते. बेंझिनसारखी कडी असलेली सेंद्रिय संयुगे २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषतात. नायट्रेट २०० ते २२० नॅनोमीटरच्या पट्ट्यात शोषते. पाण्यात बुडवलेल्या नळकांड्यातून असा प्रकाश सोडला आणि किती शोषला गेला हे पाहिले, तर प्रदूषणाचा अंदाज क्षणोक्षणी मिळत राहतो. गंमत अशी, की २५४ हा आकडा रूढ होण्यामागेही पाराच आहे. पाऱ्याच्या वाफेचा दिवा नेमकी हीच तरंगलांबी देतो. आता त्याची जागा एलईडी दिवे घेऊ लागले आहेत.

भारतात या तंत्राला मोठी चालना मिळाली ती केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या एका आदेशाने. मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी अतिप्रदूषक उद्योगांच्या १७ वर्गांना सांडपाणी आणि धूर यांचे अखंड, ऑनलाइन मापन करणारी यंत्रणा बसवण्यास सांगितले. या वर्गांत महाराष्ट्राच्या ग्रामीण अर्थकारणाचा कणा असलेले साखर कारखाने आणि आसवन्या यांचाही समावेश होतो. अतिनील किरणांवर चालणारे संवेदक अशा यंत्रणांत वापरले जातात.

येथेच सावध राहण्याची गरज आहे. साधी साखर २५४ नॅनोमीटरचा प्रकाश शोषत नाही. मद्यार्कही शोषत नाही. म्हणजे साखर मिसळलेले पाणी नाल्यात गेले आणि त्याची ऑक्सिजनची मागणी प्रचंड असली, तरी केवळ या एका तरंगलांबीवर विसंबणाऱ्या संवेदकाला ते बरेचसे स्वच्छच दिसू शकते. उलट, रंगीत द्रव्ये असलेले पाणी त्याला प्रमाणाबाहेर घाण वाटू शकते. म्हणून संवेदक दाखवतो तो आकडा म्हणजे मोजलेला सीओडी नसून प्रकाशाच्या शोषणावरून काढलेला अंदाज आहे, हे विसरता येत नाही. हा अंदाज प्रत्येक कारखान्याच्या पाण्याशी जुळवून घ्यावा लागतो आणि उत्पादन बदलले, हंगाम बदलला की ही जुळणी पुन्हा करावी लागते. त्यासाठी अधूनमधून प्रयोगशाळेतील जुनी चाचणीही करावीच लागते. शिवाय सांडपाण्यात बुडालेल्या काचेवर काही दिवसांतच शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर चढतो. संपीडित हवेचा झोत किंवा फिरता ब्रश लावून ती काच स्वच्छ ठेवली नाही, तर आकडे भरकटतात.

कायद्याची अडचण वेगळी आहे. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा १९७४ चा. त्याच्या कलम २१ मध्ये नमुना कसा घ्यावा, संबंधितास कशी सूचना द्यावी, नमुन्याचे दोन भाग करून ते कसे मोहोरबंद करावेत, याची तपशीलवार रीत दिलेली आहे. ती पाळली नसेल तर त्या नमुन्याचा अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. कायदा बाटलीतील नमुन्याचा विचार करून लिहिला गेला. त्यामुळे दर काही मिनिटांनी आकडा पाठवणारा संवेदक धोक्याची घंटा वाजवू शकतो. पण गुन्हा शाबित करण्यासाठी अजूनही बाटलीकडेच वळावे लागते.

औषधांचे अंश आणि द्रावकांचे ओझे

सीओडी किंवा नायट्रेट ही मोठ्या प्रमाणातील प्रदूषके झाली. आता शहरांच्या सांडपाण्यात वेदनाशामके, प्रतिजैविके, अपस्मारावरील औषधे यांचे अंश आढळतात. हे अंश लिटरला मिलिग्रॅमच्या हजाराव्या किंवा त्याहूनही लहान भागात असतात. युरोपीय संघाने २०२४ मध्ये शहरी सांडपाण्याविषयीचा सुधारित निर्देश संमत केला. मोठ्या शहरांच्या शुद्धीकरण केंद्रांत अशा सूक्ष्म प्रदूषकांसाठी आणखी एक टप्पा २०४५ पर्यंत क्रमाक्रमाने उभारणे त्याने बंधनकारक केले. टप्पा उभारला, की तो काम करतो की नाही हे तपासणेही ओघाने आलेच.

हे अंश शोधण्याच्या जुन्या पद्धतीत लिटरभर पाणी घेऊन त्यात विषारी द्रावक घुसळावा लागे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या यानुश पॉलिशिन यांनी १९९० मध्ये यावर सुंदर तोड काढली. विशिष्ट लेप दिलेला एक बारीक तंतू पाण्यात बुडवायचा. हवे असलेले रेणू त्यावर चिकटतात. मग तो तंतू थेट विश्लेषक यंत्रात घालून तापवायचा. द्रावक लागतच नाही. दुसरीकडे, पाण्यातील रेणू एका छोट्या स्तंभात आपोआप अडकवून पुढे यंत्राकडे धाडणाऱ्या जोडण्याही आता रुळल्या आहेत. मात्र पुढील वर्णलेखन यंत्राला अॅसिटोनायट्रिलसारखे द्रावक लागतातच. त्यांचा वापर कमी करण्यासाठी अधिकाधिक बारीक स्तंभ वापरण्याकडे कल आहे.

हरितपणाचेही गुण

एखाद्या पद्धतीवर 'हरित' अशी पाटी लावणे सोपे असते. ती पाटी खरी की खोटी, हे कसे ठरवावे? यासाठी २०१२ मध्ये एक गुणपद्धती सुचवली गेली. आदर्श चाचणीला १०० गुण द्यायचे आणि मग प्रत्येक घातक रसायनासाठी, ऊर्जेसाठी, कचऱ्यासाठी गुण कापत जायचे. ७५ हून अधिक उरले तर पद्धत उत्तम हरित, ५० हून अधिक उरले तर समाधानकारक. २०२० मध्ये 'अॅग्री' नावाची संगणकीय पद्धत आली. तिच्यात बारा तत्त्वांचे बारा पाकळ्यांसारखे भाग असलेले वर्तुळ मिळते. जेथे पद्धत कमी पडते तो भाग लाल, जेथे चांगली तो हिरवा दिसतो. मध्यभागी शून्य ते एक या दरम्यानचा एकच गुण असतो.

अशा गुणांकनाचा खरा उपयोग सोयीस्कर समजुतींना लगाम घालण्यात आहे. स्वयंचलन म्हणजे आपोआप हरित, असे नाही. एका चाचणीचा कचरा दहाव्या हिश्शावर आणला आणि चाचण्यांची संख्या शंभरपट केली, तर एकूण कचरा दहापट होतो. एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिक नळ्या, अखंड चालणारे पंप, दूरवरून आणलेली सुटी यंत्रे यांचाही हिशेब मांडावा लागतो. दुसऱ्या बाजूला, जी पद्धत हिरवी आहे पण चुकीचा आकडा देते ती कामाचीच नाही. अचूकता, वारंवारिता आणि निरुपद्रवीपणा या तिघांचा तोल साधणे, हेच या शास्त्राचे अवघड काम आहे. म्हणूनच अनेक ठिकाणी दुपदरी रचना सुचवली जाते. साधा, रसायनविरहित संवेदक दिवसरात्र राखण करतो. त्याला संशय आला, की छोटे प्रवाही विश्लेषक यंत्र नेमकी चाचणी करते किंवा नमुना आपोआप बाटलीत भरून थंड ठेवला जातो. घातक रसायने लागलीच तर ती अशा मोजक्या वेळीच.

प्रश्न रसायनाचा कमी, नियमांचा अधिक

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार देशातील शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते आणि त्यांपैकी प्रत्यक्ष शुद्धीकरण २०,२३६ दशलक्ष लिटरचे होत होते. म्हणजे शंभरातील जेमतेम अठ्ठावीस लिटर. नवी केंद्रे उभी राहतील तसतसा तपासणीचा भारही वाढणार आहे. तो जुन्याच पद्धतींनी पेलायचा ठरवले, तर पाऱ्याचा आणि क्रोमियमचा वापरही त्याच प्रमाणात वाढेल. मिनामाता या जपानी गावातील शोकांतिकेच्या स्मरणार्थ नाव दिलेला पाराविषयक आंतरराष्ट्रीय करार २०१७ मध्ये अमलात आला आणि भारतानेही २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. उद्योगांतून पारा हद्दपार करायचा आणि प्रयोगशाळेत मात्र तो ग्रॅमाग्रॅमाने वापरत राहायचा, ही विसंगती फार काळ टिकणारी नाही.

मार्ग उपलब्ध आहेत. जर्मनीच्या सांडपाणीविषयक नियमांत अशी तरतूद आहे, की एकूण सेंद्रिय कार्बनाच्या आकड्याची चौपट सीओडीच्या मर्यादेत बसत असेल, तर ती मर्यादा पाळली गेली असे मानावे. युरोपीय संघाने २०१६ मध्ये रासायनिक उद्योगांसाठी दिलेल्या मार्गदर्शक निष्कर्षांत कार्बनाच्या चाचणीला पसंती देताना कारणही स्पष्ट नोंदवले आहे. तिच्यात अतिविषारी संयुगे लागत नाहीत. भारतातही पर्यायी चाचण्यांना अधिकृत दर्जा, प्रत्येक उद्योगाच्या पाण्याशी संवेदकांची नियमित जुळणी आणि अखंड मापनाच्या आकड्यांना कायद्यात नेमके स्थान, या तीन गोष्टी झाल्या तर चित्र पालटू शकते. विद्यापीठांतील रसायनशास्त्र विभागांनाही यात वाव आहे. आपल्याकडील मसाल्यांच्या, साखरेच्या, रंगांच्या, दुधाच्या कारखान्यांचे सांडपाणी परदेशी यंत्रांच्या पुस्तिकेत सापडत नाही. त्याची जुळणी येथेच करावी लागते.

वर्षातून काही वेळा, आगाऊ कुणकुण लागलेल्या दिवशी भरलेली बाटली नदीचे त्या एका क्षणाचे चित्र दाखवते. उरलेल्या क्षणांत काय वाहून गेले, ते मासे, शेती आणि खालच्या अंगाची गावे सोसतात. त्या उरलेल्या क्षणांवर नजर ठेवायची, तर ती नजर स्वस्त, अखंड आणि निर्विष असली पाहिजे. रसायनशास्त्राने त्यासाठी लागणारी साधने बऱ्याच अंशी हाती दिली आहेत. ती नियमांत, खरेदीच्या निविदांत आणि नाल्याच्या काठावर कधी उतरतात, यावर पुढचे अवलंबून आहे.